दादांची डिग्री

निवडणूक जवळ आली की आयटी पार्कातल्या कुठल्याही कँटीनमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं. "शिकलेली माणसं राजकारणात यायला पाहिजेत यार." मग त्याला फांद्या फुटतात. एक जण म्हणतो, आमदार व्हायला निदान ग्रॅज्युएशन तरी सक्तीचं करा. दुसरा म्हणतो, एंट्रन्स ठेवा. (आपल्याला एंट्रन्सचं भारी वेड!) चहा संपतो, सगळे आपापल्या डेस्कवर जातात आणि देश पुढच्या निवडणुकीपर्यंत सुरक्षित राहतो. :-)

या वाक्याबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं. कारण हे म्हणणारे आपल्यातले बरेचसे लोक ज्या खाजगी इंजिनियरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेत, त्या कॉलेजांचं दार महाराष्ट्रात उघडलं ते एका अशा मुख्यमंत्र्याने, ज्याचं स्वतःचं शिक्षण शाळेतच सुटलं होतं.

वसंतदादा पाटील. सांगलीचे.

आमच्या सातारा-सांगलीकडे 'दादा' म्हटलं की अजूनही जुन्या माणसांच्या डोळ्यासमोर तेच येतात. पुण्यात आल्यावर मात्र लक्षात आलं की माझ्या वयाच्या पोरांना वसंतदादा म्हणजे एखाद्या कॉलेजचं, कारखान्याचं किंवा चौकाचं नाव वाटतं. म्हणून आधी थोडी हिस्टरी, मग मुद्द्यावर येतो. थोडा धीर धरा.

जन्म १९१७चा, गाव सांगलीजवळचं पद्माळे. आईवडील प्लेगमध्ये गेले, आजीने वाढवलं. १९४२ला चले जावची हाक आली तेव्हा पंचविशीतला हा तरुण भूमिगत झाला. त्या काळात आमच्या भागात प्रतिसरकार होतं, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. दादांचा गट सांगलीच्या बाजूला काम करत होता. १९४३मध्ये ते पकडले गेले आणि त्यांना सांगलीच्या तुरुंगात ठेवलं. २४ जुलै १९४३ला हा माणूस भरदिवसा साथीदारांसह तुरुंग फोडून बाहेर पडला. खंदकात उड्या टाकल्या, मागून गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन साथीदार गेले. दादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. आपल्याकडे 'रिस्क टेकिंग' हा शब्द अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहितात, म्हणून सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ला आमदार. पण त्यांचं खरं काम विधानसभेपेक्षा शेतात दिसलं. १९५०च्या दशकात त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. गावोगाव फिरून शेअर गोळा करायचे. ज्याच्याकडे दोन एकर आहेत त्यालाही सांगायचं, 'बाबा, हा कारखाना तुझा आहे'. आज हे वाचायला सोपं वाटतं. पण ज्या शेतकऱ्याने आयुष्यात सावकारापलीकडे कुणाशी पैशाचा व्यवहार केला नाही, त्याला न दिसणाऱ्या कारखान्याचा शेअर विकणं ही काय चीज असेल याचा विचार करा. १९६७ला पद्मभूषण मिळालं. साखर उद्योगातल्या संशोधनासाठी १९७५मध्ये जी संस्था सुरू झाली, पुण्याजवळ मांजरीला, ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मुख्यमंत्रिपदाची कहाणी तर सिरियलला लाजवेल अशी. १९७७च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस आपटली, शंकरराव चव्हाणांना जावं लागलं आणि मे १९७७मध्ये दादा मुख्यमंत्री झाले. १९७८च्या विधानसभेत कुणालाच बहुमत नाही. मग दोन काँग्रेसनी मिळून सरकार केलं. दादा मुख्यमंत्री, नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. ते जुलै १९७८मध्ये शरद पवारांनी बाहेर पडून पाडलं. पवार तेव्हा ३७ वर्षांचे होते. पुढची कित्येक वर्षं महाराष्ट्राच्या राजकारणात 'खंजीर' हा शब्द आला की तो याच प्रसंगाशी जोडला जातो. दादा १९८०ला सांगलीतून लोकसभेवर गेले. इकडे राज्यात आधी अंतुले आणि मग आमच्या सातारा जिल्ह्यातले बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. दोघेही बॅरिस्टर! शिकलेली माणसं हवीत ना, घ्या. आणि त्या दोन बॅरिस्टरांनंतर २ फेब्रुवारी १९८३ला दादा परत आले. १९८५ची निवडणूक जिंकून मार्चमध्ये चौथ्यांदा शपथ घेतली, आणि प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांना नेमण्यावरून दिल्लीशी बिनसलं तेव्हा १ जून १९८५ला खुर्ची सोडली. नंतर राजस्थानचे राज्यपाल. १ मार्च १९८९ला निधन.

म्हणजे चार वेळा शपथ, पण एकूण मुख्यमंत्रिपद जेमतेम साडेतीन वर्षांचं. आपल्यातले काही जण एका प्रोजेक्टवर याहून जास्त काळ बेंचवर... असो.

आता मुद्दा. १९८३.

त्याआधी महाराष्ट्रात इंजिनियर व्हायचं म्हणजे मोजकी दारं होती. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराडचं सरकारी कॉलेज, नागपूर, औरंगाबाद, अमरावती वगैरे. वालचंद १९४७चं आणि कराड १९६०चं. या बाबतीत आमचा पट्टा तसा नशीबवानच. पण जागा मूठभर. मार्क थोडे कमी पडले की संपलं. ज्यांच्या घरी पैसा होता ते कर्नाटकात जायचे. बेळगाव, गुलबर्गा, मणिपाल. तिथे खाजगी कॉलेजं होती आणि डोनेशन देऊन प्रवेश मिळायचा. सांगलीतून कर्नाटकची हद्द किती लांब? मिरज सोडलं की आलीच. पोरं आणि पैसा दोन्ही तिकडे चालले होते, आणि ज्याच्याकडे पैसा नव्हता तो पोरगा आयटीआय किंवा बीए करत होता.

दादांच्या सरकारने १९८३मध्ये विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनियरिंग, मेडिकल वगैरे कॉलेजं काढायला परवानगी दिली. गणित साधं होतं. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नाही. मग संस्थांनी काढावीत, विद्यापीठाने संलग्नता द्यावी, सरकारने अनुदान देऊ नये आणि खर्च फीमधून निघावा. एआयसीटीईचा कायदा तेव्हा अजून झालाच नव्हता, तो १९८७चा. त्यामुळे राज्याच्या हातात बरंच काही होतं.

आणि मग धडाधड कॉलेजं निघाली. पुण्यात एमआयटी १९८३, भारती विद्यापीठाचं इंजिनियरिंग १९८३. भारती विद्यापीठवाले पतंगराव कदम पण सांगली जिल्ह्यातले, सोनसळचे. सांगलीजवळ बुधगावला दादांच्या नावाचं कॉलेज. इस्लामपूरजवळ साखराळ्याला आरआयटी, तेही १९८३चंच. हे राजारामबापू पाटलांच्या भागातलं, आणि दादा आणि बापूंचं राजकीय वैर अख्ख्या जिल्ह्याला पाठ होतं. त्याच वर्षी विरोधकाच्या अंगणातही कॉलेज उभं राहिलं, हे मला तरी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

गंमत बघा. याच १९८३मध्ये पुण्यात सुरू झालेली इन्फोसिस आपलं बस्तान बेंगलोरला हलवत होती. सॉफ्टवेअर नावाची लाट येणार आहे हे तेव्हा सांगलीच्या मार्केट यार्डात कुणाला स्वप्नात दिसलं नसेल, दादांनाही नाही. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती लाट आली तेव्हा महाराष्ट्रात इंजिनियरांची फौज तयार होती. वायटूकेच्या काळात जी पोरं पहिल्यांदा विमानात बसली त्यात वाळवा, तासगाव, खटाव, माण इथली पोरं होती, ती या कॉलेजांमुळे. मी स्वतः अशाच एका विनाअनुदानित कॉलेजातून आलोय. ते कॉलेज नसतं तर मी आज हे लिहीत नसतो, कदाचित कुठल्या तरी पतसंस्थेत वसुली करत असतो.

इथेच लेख संपवला तर तो जयंतीच्या जाहिरातीसारखा होईल. पण बिल अजून यायचंय.

बिल म्हणजे फी. आमच्याकडे कितीतरी घरात इंजिनियरिंगची फी उसाच्या बिलातून भरली जाते. उसाचं बिल येतं हप्त्यांनी, कारखाना देईल तेव्हा. फीची तारीख मात्र दगडावरची रेघ. फी भरली नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडवून ठेवला आणि बाप सोसायटीच्या दारात दिवसभर बसून राहिला, हे मी माझ्या रूममेटच्या बाबतीत पाहिलंय. सुरुवातीच्या काळात डोनेशनचा इतका सुळसुळाट झाला की राज्याला कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. तो १९८७चा. म्हणजे कॉलेजं आधी, कायदा चार वर्षांनी. तोवर 'साखरसम्राट' या शब्दाला 'शिक्षणसम्राट' असा धाकटा भाऊ झाला होता. मग कोर्टबाजी. १९९३चा उन्नीकृष्णन निकाल, २००२चा टीएमए पै, २००५चा इनामदार. फी कुणी ठरवायची आणि प्रवेश कुणी द्यायचे, यावर देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट वर्षानुवर्षं बोलत राहिलं. राज्याचा फी आणि प्रवेश नियमनाचा कायदा आला २०१५ला. आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना पूर्ण फीमाफीचा निर्णय आला २०२४ला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्ट १९८३ला लाईव्ह गेलं आणि पॅच अजून येतायत.

यावर कँटीनमधला मित्र लगेच म्हणेल, "बघ, म्हणूनच शिकलेला मुख्यमंत्री हवा होता."

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. दादांना जे कळलं ते डिग्रीशिवाय कळलं, आणि जे राहून गेलं तेही डिग्रीने शिकवलं असतं असं नाही. उलट ते दादांना आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

कसं ते सांगतो. साखर कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी हा सभासद असतो. त्याचा शेअर असतो आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते आणि तिथे कुणीही उठून चेअरमनला विचारू शकतो की काटा का मारला, दर का कमी दिला. आता या सभांमध्ये काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. 'मंजूर, मंजूर' ओरडणारी टोळी असते, माईक बंद पडतो, कधी खुर्च्याही उडतात. कारखाने बुडालेही. दादांचा स्वतःचा कारखाना, जो एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जायचा, तो कर्जात रुतून २०१७ला भाडेतत्त्वावर द्यावा लागला. सगळं खरं. पण तरीही कागदावर का होईना, पैसे घालणाऱ्याला तिथे एक मत आहे.

कॉलेजात काय आहे? ट्रस्ट. विश्वस्त ठरलेले, बहुतेक वेळा एकाच घरातले. फी भरणारा बाप हा सभासद नाही, शेअरहोल्डर नाही, त्याला सभा नाही, मत नाही. चार वर्षं तो कॉलेज चालवायचा पैसा देतो आणि त्याला ताळेबंद बघायचाही हक्क वाटत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर 'ज्याचा पैसा त्याचं मत' या तत्त्वावर कारखाना, बँक, सोसायट्या उभ्या केल्या, त्याच माणसाच्या सरकारने शिक्षणाची परवानगी देताना हे तत्त्व बाहेर ठेवलं. मला दादांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक ही वाटते. १९७८चा विश्वास नव्हे, १९८५चा राजीनामाही नव्हे. ही.

आणि दुसरा रस्ता नव्हता असं नाही. तो साताऱ्यातच होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. तेही स्वतः मॅट्रिक न झालेले. पण त्यांचा हिशोब असा होता की पोराकडे पैसा नसेल तर श्रम घे, पण शिकव. कमवा आणि शिका. शाळा-कॉलेज आणि इंजिनियरिंगचा खर्च वेगळा, हे मान्य. वर्कशॉप, लॅब फुकट होत नाहीत. पण मुलाची ऐपत हा संस्थेचा प्रश्न आहे, फक्त बापाचा नाही, एवढी गोष्ट तरी उचलता आली असती.

जरा लांबचं उदाहरण देतो. फिनलंडच्या सना मारिन २०१९ला ३४व्या वर्षी पंतप्रधान झाल्या. साध्या घरातल्या, शिकत असताना दुकानात कॅशियर होत्या, घरातून युनिव्हर्सिटीत जाणाऱ्या त्या पहिल्याच. शेजारच्या इस्टोनियाच्या गृहमंत्र्याने त्यांची 'सेल्सगर्ल' म्हणून टिंगल केली आणि इस्टोनियाच्या राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली. मारिन यांनी उलट सांगितलं की गरीब घरातलं मूल शिकू शकतं आणि कॅशियर पंतप्रधान होऊ शकते, या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. २०२३ला त्या पायउतार झाल्या, त्यांच्या राजकारणाबद्दल तिथेही दोन मतं आहेतच. पण ज्या शिडीने त्या वर आल्या ती सरकारी खर्चाची होती. तिथे युनिव्हर्सिटीत देशातल्या मुलांना फी नाही. आमच्याकडे शिडी आली, वेळेवर आली, पण भाड्याने आली.

हो, फिनलंड श्रीमंत आणि छोटा देश आहे, माहितेय. १९८३च्या महाराष्ट्राला सगळ्यांना फुकट इंजिनियर करणं परवडलं नसतं. पण भाडं किती असावं आणि भाडेकरूला बोलायला जागा असावी की नाही, हे ठरवायला पैसा लागत नाही.

आता शिकलेल्या मुख्यमंत्र्याकडे येऊ, कारण तोही आमच्याकडचाच. कराडचे पृथ्वीराज चव्हाण. बिट्स पिलानीचे मेकॅनिकल इंजिनियर, बर्कलेहून एमएस, अमेरिकेत काम करून परत आलेले, भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणण्याच्या कामात असलेले. म्हणजे आपल्या कँटीनचं स्वप्नच. नोव्हेंबर २०१० ते सप्टेंबर २०१४ ते मुख्यमंत्री होते. दादांच्या चार टर्मच्या बेरजेपेक्षा थोडा जास्तच काळ.

त्यांनी इंजिनियरसारखंच काम केलं असं मला वाटतं. आकडे मागितले. दहा वर्षांत सिंचनावर ७० हजार कोटी खर्च आणि ओलिताखालचं क्षेत्र वाढलं ०.१ टक्का, या आकड्यावरून त्यांनी २०१२ला आपल्याच आघाडीत भूकंप घडवला. राज्य सहकारी बँकेवर २०११ला प्रशासक आला तोही त्यांच्याच काळात. याला हिंमत लागते. पण फायली हलत नाहीत ही तक्रारही त्याच काळातली, आणि सही करताना हाताला लकवा भरतो का असा टोमणा पवारांनी मारला तो २०१३चा. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं लोंबकळत होतं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी झिजले. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला आणि मग काही दिवसांत वटहुकूम निघाला. जे काम आठवड्यात होऊ शकत होतं ते आधी का झालं नाही, याचं उत्तर कुठल्याही डिग्रीत नाही. आघाडीची अडचण असेल, सावधपणा असेल. २०२४ला कराड दक्षिणने त्यांना हरवलं. त्याच वर्षी सांगलीने दादांच्या नातवाला, विशाल पाटलांना, अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. लोक कशाला मत देतात हा वेगळा विषय आहे, त्यावर परत कधीतरी.

मला दोघांची तुलना करून एकाला पास आणि एकाला नापास करायचं नाही. एकाने दार उघडलं आणि उंबऱ्यावर कोण उभं राहील ते बघितलं नाही. दुसऱ्याने हिशोब बरोबर मांडला पण दार ढकलायला वेळ लावला. दोघांनाही आपापल्या जागी जे जमलं नाही, ते शिकवणारा कोर्स पिलानीत नाही आणि पद्माळ्याच्या शाळेतही नव्हता.

म्हणून 'शिकलेला आहे का' हा प्रश्न मला आळशी वाटतो. तो विचारला की पुढचं काही विचारावं लागत नाही. त्यापेक्षा उमेदवाराला हे विचारा की तू जे उघडणार आहेस त्याचा पैसा कोण देणार, आणि जो पैसा देणार त्याला तिथे बोलता येणार का? कॉलेज असो, टोल असो, मेट्रो असो, आपल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट असो. हा प्रश्न विचारायला एंट्रन्स लागत नाही.

आणि एक काम आपल्याच हातातलं. आपण सगळे माजी विद्यार्थी आहोत. कॉलेजवाले आपल्याला गेस्ट लेक्चरला बोलावतात, प्लेसमेंटसाठी फोन करतात, ब्रोशरवर आपले फोटो छापतात. पुढच्या वेळी फोन आला की नम्रपणे एवढंच म्हणा, "येतो सर. पण फी कशी ठरते, ते पालकांसमोर एकदा मांडाल का?" दादांनी जी सर्वसाधारण सभा द्यायची राहून गेली, ती मागायला चाळीस वर्षं उशीर झालाय. पण ज्यांना त्या दारातून आत यायला मिळालं, त्यांनीच ती मागायला हवी. बाहेर राहिलेला मागणार तरी कशी?